हेगच्या न्यायाधिकरणाचं खुलं दफ्तर: ज्यांनी साक्ष ऐकली, त्यांनीच निकाल लिहिला

माझं मत आधी सांगते, कारणं मागून. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेदरलँड्समधल्या हेग इथे जे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण होतं, त्याचं दफ्तर इंटरनेटवर खुलं आहे. कोर्टकचेरीशी ज्याचा कसलाही संबंध आला आहे अशा प्रत्येकाने ते एकदा उघडावं. वकिलांनी, कारकुनांनी, न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींनी आणि वर्षानुवर्षं तारखांना जाणाऱ्या पक्षकारांनीसुद्धा. वाचायला पैसे पडत नाहीत. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या न्यायालयांत लघुलेखिका होते. आधी तालुक्याला, नंतर सत्र न्यायालयात. आता गावी राहते. सून दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेची तयारी करते आहे. रात्री जेवणं आटोपली की ती पुस्तकं काढते आणि मी जवळच तुरीची डाळ निवडत बसते. असंच एकदा तिने विचारलं, "आई, साक्ष एका साहेबांनी नोंदवली आणि मधेच त्यांची बदली झाली, तर नवे साहेब त्याच साक्षीवर निकाल देऊ शकतात ना?"

देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२६ तेच सांगायचं आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती सोय कायम आहे. नव्या न्यायाधीशांना गरज वाटली तर साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं. नाही वाटली तर आधीच्यांनी नोंदवलेल्या पुराव्यावरच काम पुढे चालतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागते, साहेब जातात, नवे येतात. हे कलम नसतं तर कित्येक खटले दरवेळी पहिल्या साक्षीदारापासून सुरू करावे लागले असते. मला ते कलम पाठ आहे आणि त्याची गरजही कळते. तरी नोकरीभर ते मला बोचत राहिलं.

का, ते सांगते. एका खुनाच्या खटल्यात निंदणाला जाणारी एक म्हातारी साक्षीला आली होती. उलटतपासात वकिलांनी विचारलं, तुम्ही काहीच पाहिलं नाही ना? तिने आरोपीकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला. बराच वेळ तिला बोलताच येईना. साहेबांनी पाणी द्यायला लावलं. मग ती एवढंच म्हणाली, "पाह्यलं ना बाप्पा, माह्या या डोयानं पाह्यलं." मी टंकलं ते आपल्या रीतीप्रमाणे: "मी काहीही पाहिले नाही, हे म्हणणे खरे नाही." साक्ष अशीच लिहितात, निवेदनाच्या रूपात. प्रश्न गळून जातो, थांबणं गळून जातं, पाणी गळून जातं. साक्षीदाराच्या वर्तनावर शेरा लिहिण्याची तरतूद कायद्यात आहे, जुन्या संहितेत ते कलम २८० होतं, पण दिवसाला इतकी कामं बोर्डावर असताना असा शेरा क्वचितच पडतो. पुढे ते साहेब बदलून गेले आणि निकाल लिहायला बसलेल्यांच्या हाती माझी ती एक ओळ होती. त्यांनी प्रामाणिकपणे वाचली असणार. पण ती बाई त्यांनी पाहिली नव्हती.

म्हणून सुनेने जेव्हा विचारलं, "सगळीकडे असंच असते का?", तेव्हा आम्ही दोघींनी शोधायला घेतलं आणि हेगच्या दफ्तरापाशी येऊन थांबलो.

ज्यांना हे न्यायाधिकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटत गेला, क्रोएशियात आणि बोस्नियात युद्धं पेटली, छावण्या उभ्या राहिल्या, गावंच्या गावं रिकामी केली गेली. २५ मे १९९३ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ८२७ करून हे न्यायाधिकरण स्थापन केलं. एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले. ३१ डिसेंबर २०१७ ला ते बंद झालं. उरलेली कामं आणि सगळं दफ्तर मेकॅनिझम नावाच्या छोट्या यंत्रणेकडे गेलं. सुरुवातीला अकरा न्यायाधीश होते, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने चार वर्षांसाठी निवडलेले. खटला तीन न्यायाधीशांच्या पीठासमोर चाले. ज्युरी नाही. म्हणजे साक्ष ऐकणारे तेच आणि गुन्हा सिद्ध झाला की नाही ते ठरवणारेही तेच.

आता या दफ्तरातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती. खटल्याचं नाव चेलेबिची, क्रमांक आयटी-९६-२१. चेलेबिची हे मध्य बोस्नियातल्या कोन्यित्स भागातलं एक गाव. १९९२ मध्ये तिथे एका छावणीत बोस्नियन सर्बांना डांबलं होतं. त्यांना मारहाण झाली, छळ झाला, बलात्कार झाले, काही जण मेले. चार आरोपी होते: डेलालिच, मुत्सिच, डेलिच आणि लांजो. सुनावणी मार्च १९९७ मध्ये सुरू झाली. पीठावर नायजेरियाचे कारिबी-व्हाइट, कोस्टा रिकाच्या एलिझाबेथ ओडिओ बेनिटो आणि पाकिस्तानचे साद सौद जान. आणि या तिघांचीही चार वर्षांची मुदत त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला संपत होती. नव्या न्यायाधीशांची निवड झाली, त्यांत या तिघांची नावं नव्हती.

म्हणजे संपूर्ण पीठच रिकामं होणार होतं. एक जण गेला असता तर उरलेल्या दोघांनी तरी साक्षी ऐकलेल्या असत्या. इथे नोव्हेंबरनंतर त्या खोलीत बसलेलं कुणीच राहणार नव्हतं. छावणीतून जगून आलेली माणसं परदेशी येऊन, ज्यांनी छळलं त्यांच्यासमोर उभं राहून एकदा बोलली होती. त्यांना पुन्हा आणायचं, पुन्हा त्याच प्रश्नांपुढे उभं करायचं?

२७ ऑगस्ट १९९७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ११२६ केला. छोटासा आहे. मी तो किती वेळा वाचला असेन. त्यात म्हटलं आहे ते असं: या तीन न्यायाधीशांच्या जागी नवे आले तरी त्यांनी मुदत संपण्यापूर्वी सुरू केलेला चेलेबिचीचा खटला पूर्ण करावा, आणि तो शक्यतो नोव्हेंबर १९९८ च्या आत संपवण्याचा न्यायाधिकरणाचा मानस आहे याची परिषद नोंद घेते. तीन नावं, एक खटला, एक कालमर्यादा. दुसरं काही काम नाही, नवा खटला नाही. निकाल लागला १६ नोव्हेंबर १९९८ ला. मुदत संपल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी.

निकालात डेलालिच सुटले. मुत्सिचला ७ वर्षं, डेलिचला २० आणि लांजोला १५ वर्षं शिक्षा झाली. अपिलानंतर मुत्सिचची ९ झाली आणि डेलिचची १८. छावणीत दोन स्त्रियांवर झालेले बलात्कार हा छळच आहे, असं या पीठाने ठरवलं. हाताखालचे लोक गुन्हे करत असताना वरच्या अधिकाऱ्याने थांबवलं नाही, तर तोही जबाबदार, हेही इथे नीट मांडलं गेलं. सून म्हणते परीक्षेला हेच दोन मुद्दे विचारतील. मला मात्र त्या दोन स्त्रियांच्या साक्षींशी थांबावं लागतं. त्या बोलल्या तेव्हा समोर बसलेल्या तिघांनीच वर्षभराने त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि तसं लिहून ठेवलं. त्या बायकांना पुन्हा कुणासमोर सांगावं लागलं नाही.

आता दफ्तराबद्दल, म्हणजे ज्याचा हा अभिप्राय आहे त्याबद्दल.

माझ्या धंद्याच्या डोळ्याने पाहिलं तर पहिली गोष्ट दिसते ती साक्षीच्या पानांची. प्रत्येक दिवसाचं वेगळं पुस्तक, पानांना क्रमांक, ओळींना क्रमांक. प्रश्न जसाच्या तसा, उत्तर जसंच्या तसं. न्यायाधीशांनी मधे विचारलेलंही आहे, दुभाष्याने "कृपया सावकाश बोला" म्हटलेलंही आहे. वकील उठून हरकत घेतात, त्यावर काय वाद झाला तेही आहे. आमच्याकडे या सगळ्याचं एका ओळीत निवेदन होतं. हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातून नोकरीभर काय काय गाळलं जात होतं, रीतच तशी म्हणून. असं पूर्ण लिहायला माणसं लागतात, यंत्रणा लागते, पैसा लागतो, हे कबूल. पण असं लिहिता येतं, एवढं तरी पोरांनी पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट व्हिडिओ. निकाल वाचतानाचे, आरोपींनी दिलेल्या कबुलीचे, पीडितांच्या साक्षींचे निवडक भाग संकेतस्थळावर आहेत. न्यायाधिकरण चालू असताना सुनावण्या अर्ध्या तासाच्या अंतराने दाखवत, मधे चुकून संरक्षित साक्षीदाराचं नाव आलं तर कापता यावं म्हणून. ही अर्ध्या तासाची खबरदारी मला फार आवडली. न्याय उघड्यावर व्हावा आणि साक्षीदारही जिवंत राहावा, दोन्ही गोष्टी त्यात धरल्या आहेत.

आणि चित्रीकरण कशासाठी असतं याचा दाखला याच चेलेबिचीच्या अपिलात आहे. आरोपी लांजोच्या बाजूने सांगण्यात आलं की पीठाचे अध्यक्ष सुनावणीत बराच काळ झोपले होते. अपील पीठाने चित्रीकरणाचे तुकडे स्वतः पाहिले. मोठा भाग झोपेत गेला, असं त्यांना आढळलं नाही, आणि आरोपीचं त्यामुळे नुकसान झाल्याचं दिसलं नाही, म्हणून तो मुद्दा फेटाळला. पण न्यायाधीशाचं असं वागणं योग्य म्हणता येणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. स्वतःच्याच सहकाऱ्याबद्दल. ती पानं आजही तिथे आहेत, कुणी काढून टाकली नाहीत. जे दफ्तर आपल्याच घराविरुद्धचं बोलणं लपवत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

त्याच अपिलात ओडिओ बेनिटोंचाही प्रश्न आला होता. खटला चालू असतानाच १९९८ मध्ये त्या कोस्टा रिकाच्या उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. बचाव पक्ष म्हणाला, सरकारात बसलेली व्यक्ती स्वतंत्र न्यायाधीश कशी? त्यांनी आधीच कळवलं होतं की न्यायाधिकरणाचं काम संपेपर्यंत त्या पदाचं कोणतंही काम करणार नाहीत. त्यांनी ते केलंही नाही, म्हणून २० फेब्रुवारी २००१ च्या निकालात अपील पीठाने तोही आक्षेप नाकारला. मुदतवाढीची जोखीम कुठे असते ते इथे दिसतं. माणसाचं आयुष्य चार वर्षांनंतर दुसरीकडे वळलेलं असतं आणि खटला त्याला मागे ओढत असतो.

आमच्या ओळखीचे एक वकील मुदतवाढीच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या हाती मुदत वाढवणं आहे, त्याच्याकडे न्यायाधीशाची नजर लागते. सुरक्षा परिषदेत मोठी राष्ट्रं बसतात, त्यांचे स्वतःचे हितसंबंध असतात. आज मुदत वाढवून दिली, उद्या निकाल आवडला नाही म्हणून दिली नाही तर? हा आक्षेप पोकळ नाही. मी त्यांना एवढंच म्हणते की ११२६ वाचा. त्यात न्यायाधीशाला मिळण्यासारखं काही नाही, एक काम संपवून घरी जायचं आहे. जिथे मुदतवाढ अशी नाव, खटला आणि कालमर्यादा बांधून दिली जाते, तिथे ती न्यायाधीशासाठी नसून साक्षीदारासाठी असते.

पुढे मात्र तसं राहिलं नाही, हेही दफ्तरातच दिसतं. २००३ मध्ये परिषदेने ठरवलं होतं की पहिल्या पायरीचे खटले २००८ पर्यंत आणि सगळं काम २०१० पर्यंत संपवावं. ते जमलं नाही. बोस्नियन सर्बांचा नेता काराजिच २००८ मध्ये सापडला, त्यांचा सेनापती म्लादिच २०११ मध्ये. २००८ पासून मुदतवाढीचे ठराव जवळजवळ दरवर्षी येत गेले: १८३७, १८७७, १९३१, १९९३, २०८१, २१३०, २१९३. सलग वाचले की ठरावांची भाषा सारखीच वाटू लागते. सगळ्यांची मुदत एकदम वाढवायची, काम लवकर संपवण्याची विनंती करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एवढं मात्र खरं की शेवटच्या काही निकालांनी मुदत पाळली. काराजिचच्या पीठाची मुदत ३१ मार्च २०१६ होती आणि निकाल २४ मार्चला आला. शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०१७ होती. म्लादिचचा निकाल २२ नोव्हेंबरला झाला, आणि बोस्नियन क्रोएट नेता प्रलिच व इतरांच्या अपिलाचा २९ ला.

मुदत वाढवली नाही, किंवा न्यायाधीश बदलावाच लागला, तर काय होतं तेही पाहावं. रवांडाच्या हत्याकांडासाठी टांझानियात अरुशाला असंच न्यायाधिकरण होतं, १९९४ मध्ये स्थापन झालेलं. त्याची कागदपत्रंही आता याच यंत्रणेकडे आहेत. तिथे लेसोथोचे न्यायाधीश मकुटू २००३ मध्ये पुन्हा निवडून आले नाहीत. ठराव १४८२ ने त्यांना दोन खटले पूर्ण करायला ठेवलं, पण रवांडातल्या बुटारेचा तिसरा मोठा खटला त्यात नव्हता. तिथे त्यांच्या जागी युगांडाच्या न्यायाधीश बोसा आल्या. त्यांनी आधीच्या साक्षींची पानं वाचायची, चित्रीकरण पाहायचं, आणि आपण सगळं समजून घेतल्याचं लिहून द्यायचं. हा खटला जून २००१ ला सुरू झाला होता आणि निकाल लागला जून २०११ मध्ये.

हेगमधलाच, सर्बियातला पुढारी शेशेल्य याचा खटला याहून अवघड वाटतो. तिथे मुदत संपली नव्हती, एक न्यायाधीश त्यांच्या एका पत्रामुळे २०१३ मध्ये अपात्र ठरले. तोवर साक्षी संपल्या होत्या, युक्तिवादही झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशांनी त्या खटल्यातला एकही साक्षीदार समोर पाहिलेला नव्हता. ३१ मार्च २०१६ ला दोन विरुद्ध एक अशा मतांनी शेशेल्य सुटला. सोडणाऱ्या दोघांतले एक हे नवे न्यायाधीश होते, आणि न पटलेल्या तिसऱ्या न्यायाधीश लात्तांझी सुरुवातीपासून पीठावर बसलेल्या होत्या. २०१८ च्या अपिलात त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मी यातून कुणाच्या सचोटीवर बोट ठेवत नाही. पण बहुमत आणि भिन्नमत शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर ज्यांनी साक्षीदार पाहिले त्यांचं लिहिणं साक्षीदारांजवळ राहतं, असं मला जाणवलं. सुनेला तसं वाटलं नाही. तिचं म्हणणं, दोन्ही बाजू कागदावरच उभ्या आहेत, आणि कागद चांगला असेल तर वाचणाराही न्याय करू शकतो. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

एक भाऊ आमच्या शेजारी राहतात. शेताच्या धुऱ्यावरून मारहाण झाली होती, तेव्हापासून त्यांची केस चालू आहे. मी त्यांना ठराव ११२६ मराठीत सांगितला. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे बाई, साहेबाची मुदत सरली तरी त्याले म्हनलं का, तू आयकलं ना, मंग तूच सांगून जाय?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आपल्याइकडं नवा साहेब आला का माहीच केस मले नवी वाटते." त्यांना कायद्याची पुस्तकं माहीत नाहीत, पण अडचण त्यांनी नेमकी पकडली होती.

आता अर्धा तारा का कापला ते. भाषा. न्यायाधिकरणाचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चाललं. संकेतस्थळ त्या प्रदेशातल्या लोकांसाठी त्यांच्या भाषेतही आहे आणि ते योग्यच झालं. पण हिंदी नाही, मराठी नाही. मी इंग्रजी टंकत होते म्हणून मला निभतं, तरी निकालपत्रातली वाक्यं लांबलचक आहेत आणि काही वेळा सुनेला मोठ्याने वाचायला सांगावं लागतं. आमच्या भागात परीक्षा देणाऱ्या कित्येक मुली मराठीतून शिकलेल्या आहेत. त्यांच्यासाठी हे दार उघडं असूनही उंबरठा उंच आहे.

दुसरं, पसारा. साक्षींची पानंच काही लाखांत नव्हे, पंचवीस लाखांच्या आसपास आहेत. नुसतं नाव टाकून शोधलं तर माणूस हरवतो. खटल्याचा क्रमांक माहीत असेल तरच हाताला नेमकं लागतं. बंद दालनात झालेल्या साक्षींचे भाग कोरे आहेत. ते कोरे असायलाच हवेत, तक्रार नाही, पण सलग वाचताना एकदम धागा तुटतो याची तयारी ठेवावी. जुन्या खटल्यांतली काही कागदपत्रं छापील कागदावरून उतरवलेली आहेत, ती मोबाईलवर वाचणं डोळ्यांना जड जातं. गावात रेंज कमी असली की मोठी निकालपत्रं उतरायला वेळ लागतो. चेलेबिचीचा निकाल तर जाडजूड पुस्तकाएवढा आहे. आम्ही लागणारी पानं तेवढीच तालुक्याहून छापून आणतो.

वाचायला सुरुवात करणार असाल तर माझं ऐका, म्लादिच-काराजिचपासून करू नका. नावं मोठी आहेत, पण तिथे सुरुवातीलाच दम लागतो. आधी ठराव ११२६ वाचा. मग आयटी-९६-२१ उघडा, त्यातलं निकालाचं संक्षिप्त वाचन आधी घ्या, न्यायाधीशांनी कोर्टात वाचून दाखवलेलं. त्याने छावणी, आरोपी, आरोप डोक्यात बसतात. त्यानंतर कोणत्याही एका साक्षीदाराचा पूर्ण दिवस घ्या, सरतपास आणि उलटतपास दोन्ही. शेवटी २००१ च्या अपिलातले न्यायाधीशांविषयीचे दोन मुद्दे. कायदा शिकणाऱ्या पोरांनी याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचं कलम ३६ पाहावं. ते न्यायालय वेगळं आणि कायमचं आहे, भारत त्याचा सदस्य नाही. तिथे न्यायाधीशाची मुदत नऊ वर्षं असते, आणि सुरू झालेला खटला किंवा अपील पूर्ण होईपर्यंत त्याने पदावर राहायचं हे करारातच लिहून ठेवलं आहे. दरवेळी कुणाकडे मागायला जावं लागत नाही. ओडिओ बेनिटोच पुढे त्या न्यायालयावर गेल्या. त्यांच्या तिथल्या, काँगोतल्या लुबांगाच्या, खटल्याचा निकाल १४ मार्च २०१२ ला लागला तोवर त्यांना तिथेही मुदतीच्या पलीकडे थांबावं लागलं होतं.

साक्षी वाचताना एक सांभाळा. छावणीतल्या मारहाणीची आणि बलात्कारांची वर्णनं उघड आहेत. घरात लहान मुलं असतील तर मोठ्याने वाचू नका. आम्ही ती पानं दुपारी वाचतो, सुनेचा मुलगा शाळेत असतो तेव्हा.

ठराव ११२६ चा आम्ही दोघींनी मराठी मसुदा केला आहे. वकील संघाच्या खोलीत एक प्रत दिली, तिथे फलकावर लागली आहे. चेलेबिचीच्या संक्षिप्त निकालाचं मराठीकरण सध्या चालू आहे, पहिल्या दोन आरोपींपर्यंत आलो आहोत.